साळूचं भागतंय

इंग्रजी शिकायला माझ्याकडं येणाऱ्यांना एकतर नोकरी हवी असते, नाहीतर असलेल्या नोकरीत बढती. त्यामुळं राजाबाई पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना सरळ शेजारची गिरणी दाखवली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. दळण घेऊनच आल्या असतील असं मला वाटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मनकर्णा म्याडमचा इंग्लिशचा किलास ह्योच ना?"

पाटी नुकतीच रंगवली होती. शहराचं नवं नाव एका ओळीत मावेना म्हणून पेंटरनं ते दोन ओळींत तोडलं होतं, आणि त्या भानगडीत माझं नाव पार कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. ते शोधून काढणाऱ्या बाईबद्दल मला जरा आदरच वाटला. मी त्यांना आत बसवलं आणि चहा टाकला.

दौलताबादच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वस्ती. घरचा धंदा मेंढरांचा, जोडीला थोडी शेती. एकुलती एक मुलगी साळू नर्स झाली आणि गेल्या वर्षी आयर्लंडला गेली. तिथल्या एका लहानशा गावात म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात ती रात्रपाळी करते आणि मिसेस डूली नावाच्या बाईच्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहते. अडीनडीला म्हणून साळूनं तिचा नंबर घरी दिला होता, आणि राजाबाईंना ह्या डूलीबाईशी बोलायचं होतं.

"कशाला?" मी विचारलं. माझं बोलणं जरा तुटक आहे, हे आमच्या मुकुंदवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"पोरगी जिच्या घरात ऱ्हाती त्या बाईला साधा रामराम घालू नये व्हय?" त्या म्हणाल्या. मग बशीतला चहा फुंकत जरा हळू आवाजात, "आन दुसरं म्हंजी, साळू बरी हाय का नाय ते तिच्याकडून काढून घ्याचंय. साळू काय सांगत नाय."

"फोन करत नाही?"

"करती की. कसं चाललंय म्हणलं की म्हणती, भागतंय."

"मग बरंच आहे की."

"आमच्यात समदेच म्हणतेत भागतंय," राजाबाई म्हणाल्या आणि चहा संपवला.

ह्या बोलण्याचा अर्थ मला त्यांचे मालक भेटल्यावर लागला. राजाबाई पॅसेंजर गाडीनं दौलताबादहून मुकुंदवाडी स्टेशनला यायच्या, क्लास करायच्या, आणि बाजाराच्या दिवशी त्यांना न्यायला मल्हारराव पिकअप घेऊन यायचे. उंचापुरा माणूस, पांढऱ्या मिशा, पिवळा फेटा. मी सहज विचारलं, "किती मेंढरं आहेत तुमच्याकडं?"

"हायेत चार," मल्हारराव म्हणाले.

"यंदा चारापाणी कसं आहे?"

"भागतंय."

माझ्या क्लासमधली एक मुलगी त्यांच्याच बाजूची होती. नंतर ती मला म्हणाली, "म्याडम, त्यांची चार मेंढरं रस्ता ओलांडायला लागली ना, की वेरूळला जाणारे लोक गाड्यांतनं उतरून चहा पिऊन येतात, तरी शेपूट संपत नाही." मी राजाबाईंना छेडलं तेव्हा त्यांनी हसत कबूल केलं. त्यांच्या घरात भरलेल्याला भरलेलं म्हणायचं नाही. मेंढरं मोजायची ती मनातल्या मनात, आकडा ओठावर आणायचा नाही. चांगलं चाललंय असं तोंडातून गेलं की नजर लागलीच म्हणून समजा. आणि वाईट चाललंय असं म्हणायची तर लाज. मग काय उरतं, तर भागतंय. ज्या वर्षी रोगानं निम्मी मेंढरं गेली त्या वर्षीही मल्हारराव भागतंयच म्हणत होते, आणि आता वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीत, पाय ठेवायला जागा नाही तरी भागतंयच.

"मग तुम्हाला एकमेकांचं कळतं कसं?" मी विचारलं.

"तोंडाकडं बघितलं की कळतं," त्या म्हणाल्या. "फोनवर तोंड कुठं दिसतं? व्हिडिओ लाव म्हणलं तर म्हणती, नेट नाय."

आयर्लंडमध्ये नेट नाही, हे काही मला पटलं नाही. पण मी शिकवायला लागले.

राजाबाईंसारखा विद्यार्थी मला पुन्हा मिळायचा नाही. त्यांना बढती नको होती की सर्टिफिकेट नको होतं, त्यामुळं चुकायची भीतीच नव्हती. बाकीची पोरं एक वाक्य बोलायला घाम पुसायची, आणि ह्या मागच्या खुर्चीवरून खणखणीत आवाजात, "हॅलो मिसेस डूली, आय ॲम साळूज मदर, राम राम." राम राम काढा म्हणून मी पुष्कळदा सांगितलं. "मंग ते हॅलो पुसून टाका," त्या म्हणायच्या. मी चिडायचे, त्या हसायच्या, आणि वर्ग माझ्याकडं सोडून त्यांच्याकडं बघायचा.

माझ्या क्लासची एक पद्धत आहे. रोज फळ्यावर एकच शब्दप्रयोग लिहायचा आणि प्रत्येकानं तो आपल्या स्वतःच्या जगण्यात बसवून दाखवायचा. पुस्तकातलं वाक्य उचललेलं मला चालत नाही. एका दिवशी मी लिहिलं, गेट बाय. चिकलठाण्याच्या कंपनीत मशीन चालवणारा बन्सी उठला आणि त्यानं सांगितलं की त्याचा हेल्पर सुट्टीवर गेलाय, बट आय ॲम गेटिंग बाय. ब्यूटी पार्लरवाली म्हणाली, दुकानात दुपारभर लाईट नसते, बट वी गेट बाय. मी दोघांनाही शाबासकी दिली आणि समजावलं, "लक्षात ठेवा, अडचण आहे, ओढाताण आहे, पण माणूस कसंबसं निभावून नेतोय, तेव्हाच हे म्हणायचं. मजेत असणारा माणूस गेटिंग बाय म्हणत नाही. त्यात एक सुस्कारा असतो." राजाबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. वस्तीवर मेंढरांची कातरणी होती.

दुसऱ्याच दिवशी त्या आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. मागं मल्हाररावही होते, चपला दाराशी काढून अवघडून उभे. राजाबाईंनी आल्या आल्या माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"डूलीबाईला फोन केला," त्या म्हणाल्या. "म्या, माह्या मनानं. कुणाला संगं घेतलं नाय."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मलाही लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू. "काय बोललात?"

"हॅलो म्हणलं, राम राम म्हणलं. हाऊ इज माय साळू म्हणलं. तर ती बया भडाभडा बोलाया लागली, काय काय म्हणली देव जाणे. पर एक शब्द म्या पकडला. शी इज गेटिंग बाय म्हणली. मंग मोबाईललाच इचारलं, गेटिंग बाय म्हंजी काय? मोबाईल म्हणला, भागतंय." त्यांनी वर्गाकडं वळून बघितलं. "बगा आता. सातासमुद्रापल्याडची बाई, पर किती शानी. साळू चांगली हाय म्हणली असती तर नजर लागली असती का नाय? म्हणून म्हणली, भागतंय. आपली रीत साळूनं शिकवली असंल तिला."

"म्या तुला पहिल्यापासून सांगत व्हतो, पोरगी मजेत हाय," दारातून मल्हारराव म्हणाले.

फळ्यावर कालचं गेट बाय अजून तसंच होतं. बन्सीनं एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग तो खाली बघून पेढा खायला लागला. ब्यूटी पार्लरवालीनं तर पेढा हातातच धरून ठेवला. मी तोंडातला पेढा घाईनं गिळला.

"त्या शब्दाच्या पुढं काही म्हणाल्या का त्या?" मी विचारलं.

राजाबाईंनी डोळे मिटून आठवलं. "म्हणली. पुअर थिंग का कायतरी."

आता इथं एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. पेढे वाटणाऱ्या आईला कोण कशाला काही सांगेल? पण मला गप्प बसता येत नाही, आणि त्या दिवशी तर नाहीच आलं. परक्या देशात एक पोरगी वाळत चाललेली असेल आणि इकडं तिचे आईबाप पेढे वाटत असतील, हे मला बघवेना.

"राजाबाई, बसा," मी म्हणाले. "मल्हारराव, तुम्हीही आत या. डूलीबाईला तुमची रीत ठाऊक नाही. ती जे बोलली ते तिच्या भाषेतलं आहे. तिच्या भाषेत भागतंय म्हणजे जेमतेम. पोर कशीतरी दिवस ढकलतेय, असं ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली, बिचारी."

राजाबाईंच्या हातातला पुडा मांडीवर टेकला. मल्हारराव मात्र तापले.

"म्याडम, आमी अडाणी आसू, पर भागतंय म्हंजी काय त्ये आमाला शिकवू नका."

"तुमचं भागतंय मला ठाऊक आहे. मी इंग्रजीतलं सांगतेय. इंग्रजीत कुणी नजर लागू नये म्हणून बोलत नाही."

"का? त्येन्ला काय डोळे नसतेत?"

ह्यावर माझा आवाज चढला. मी म्हणाले की चाळीस वर्षं मी हेच शिकवत आलेय. ते म्हणाले, शिकवा, पर माह्या पोरीला बिचारी म्हणू नका. मी म्हणाले, मी नाही म्हणत, डूलीबाई म्हणतेय. गिरणीवाला गिरणी बंद करून ऐकायला दारात येऊन उभा राहिला. आमच्या गल्लीत भांडण फुकट जाऊ देत नाहीत.

राजाबाईंनी हात वर केला, वर्गात प्रश्न विचारायला करतात तसा, आणि आम्ही दोघंही थांबलो.

"म्याडम, तुमी म्हणता ते खरं का हे म्हणतेत ते खरं, मला कळत नाय," त्या म्हणाल्या. "पर इचारायची एक रीत हाय आमच्यात. हे मेंढरं घेऊन लांब जायचे, गोदावरीच्या अंगाला, म्हैनो न म्हैने. तवा फोन नव्हते. तिकडून कुणी आलं की मी कदी इचारलं नाय, हे कसे हायेत. कसे हायेत म्हणलं की त्यो सांगणार, भागतंय. म्या इचारायची, जेवाय कुणासंगं बसतेत? चार जणांत बसतेत म्हणला की म्या निवांत. एकलेच भाकर खातेत म्हणला की म्या दुसऱ्या दिवशी निघाली, पायी."

मल्हाररावांनी फेट्याचं टोक उगाचच नीट केलं. "एकदा आली व्हती अशी," ते म्हणाले. "मला ताप व्हता."

"तेवढंच मला डूलीबाईला इचारायचंय," राजाबाई म्हणाल्या. "जेवाय कुणासंगं बसती. हे शिकवा."

मी फळा पुसला आणि लिहिलं, हू डज शी ईट विथ? त्या दिवशी वर्गानं दुसरं काही केलं नाही. बन्सी डूलीबाई झाला, पार्लरवाली डूलीबाई झाली, आणि राजाबाई प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत राहिल्या, तो जिभेवर बसेपर्यंत. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची दुपार, जेवायचीच वेळ. मी राजाबाईंचा फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. गिरणीवाला एव्हाना आत येऊन बसला होता.

डूलीबाईंनी फोन उचलला. आवाज म्हातारा, पण मोकळा. राजाबाईंनी हॅलो म्हटलं, राम राम म्हटलं, आणि मग एकेक शब्द सुटा ठेवत विचारलं, "हू डज शी ईट विथ?"

मग डूलीबाई सावकाश बोलायला लागल्या आणि मी मराठीत सांगत गेले. साळू कुणासोबत जेवत नाही. ताट घेऊन वर जाते, दार लावून घेते. कितीदा तरी ताट तसंच खाली येतं. कामावरून येते, झोपते, पुन्हा कामाला जाते. फार गुणी पोर आहे. मी बोलावते, पण ती म्हणते, आय ॲम फाइन. मला वाटलं तुमच्याकडं एकट्यानं जेवायची रीत असेल, म्हणून मी आग्रह केला नाही.

शेवटचं वाक्य ऐकून राजाबाईंनी कपाळाला हात लावला. मल्हारराव भिंतीला टेकले. "हाय का आत्ता घरात?" त्यांनी मला विचारलं. मी विचारलं. होती. डूलीबाई फोन घेऊन जिना चढल्या. त्यांचं धापा टाकणं आम्हाला ऐकू येत होतं. दार वाजलं.

"माय?" साळूचा आवाज. "काय झालं? ह्या बाईच्या फोनवर कसं काय?"

"काय नाय झालं. कसं चाललंय तुझं?"

"भागतंय की."

राजाबाईंनी मल्हाररावांकडं बघितलं. "तुमी सांगा आधी," त्या हळूच म्हणाल्या. "आपून तिला कदी खरं बोलल्यालं ऐकवलं नाय. मंग ती कशी बोलंल?"

"काय सांगू?"

"जाळीत काय हाय ते सांगा."

मल्हाररावांनी आजूबाजूला बघितलं. मी, गिरणीवाला, बन्सी, सगळा वर्ग, दाराबाहेर गल्ली. इतक्या डोळ्यांसमोर त्या माणसाला आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करायची होती. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, नाही जमायचं ह्यांना. माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं आणि मी ते कुणाला दिसू नये म्हणून फळ्याकडं वळले.

"साळू," ते म्हणाले, "आप्पा बोलतोय. नीट ऐक. तुला धाडायला जेवढी मेंढरं इकली तेवढी समदी भरून निघालीत. वरताण झालीत. वाघर पुरंना, नवी जाळी आनलीय. खाली चारा बी लई हाय. आपलं लई चांगलं चाललंय." त्यांनी श्वास घेतला. "आता तुझं सांग."

मी पडद्यावर बघून घेतलं, कट तर झाला नाही ना.

"आप्पा," साळू म्हणाली, "मला वाटलं तुमचंच जेमतेम चाललंय. तुमी रोज भागतंय म्हणायचात. मंग म्या कुठल्या तोंडानं सांगू?" तिचा आवाज फुटला. "माह्यं नाय भागत हितं. कुणी बोलाया नाय. दिवसा झोप येत नाय. जेवू वाटत नाय, एकलीला घास उतरत नाय."

पार्लरवाली रडायला लागली. राजाबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा इतके महिने कसा ताणलेला होता ते मला आत्ता, तो सैल झाल्यावर कळलं. दुखणं कुठं आहे ते सापडलं होतं. त्या फोनजवळ सरकल्या.

"साळू, घरी यावं वाटलं तर ये. नाय वाटलं तर नको येऊ. ते मागून बगू," त्या म्हणाल्या. "आज जेवलीस का?"

"नाय."

"ताट घे आन खाली जा. त्या बाईसंगं बस. फोन बंद करू नको."

"माय, ती काय म्हणंल?"

"ती वाट बगती, येडे. तिला वाटलं आपल्यात एकल्यानंच जेवतेत. जा म्हणलं ना."

जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली, एकीची पुढं आणि एकीची मागं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ताट, चमचा, भांडं. मी पोरांना हातानंच खुणावलं की क्लास संपला, पण कुणी उठलं नाही. आयर्लंडातल्या स्वयंपाकघरात चमचा ताटाला लागत होता आणि मुकुंदवाडीत आम्ही सगळे तो ऐकत बसलो होतो. राजाबाई चमच्याच्या प्रत्येक आवाजाला मान हलवत होत्या.

डूलीबाई काहीतरी बोलल्या.

"काय म्हणती?" राजाबाईंनी विचारलं.

"विचारतेय, अजून वाढू का?"

साळूचं उत्तर ऐकू यायच्या आत मल्हारराव टेबलापाशी आले आणि फोनवर वाकून मोठ्यानं म्हणाले, "वाढ म्हणावं. लई वाढ."

मी ते इंग्रजीत सांगितलं.